काकांची जोडहोडी

"वजन किती?"

जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असल्यामुळे हा प्रश्न मी दिवसभर शेळ्या-मेंढ्यांबद्दल विचारायचो. वजन कळल्याशिवाय औषधाचा डोस ठरत नाही. पण हा प्रश्न मला स्वतःला कोणी विचारला तो पहिल्यांदाच, आणि तोही खोली भाड्याने बघायला गेलो असताना. औंढ्याला माझी नवीनच बदली झाली होती. घरमालक ओट्यावर बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि जे त्या काळात लोक आडून आडून का होईना पण विचारायचेच, तेही विचारलं नाही. खालून वर न्याहाळलं आणि वजन विचारलं.

"ऐंशीच्या पुढं असेल," मी म्हणालो.

"असंल म्हंजे? मोजलं न्हाई काय?"

मला वाटलं गंमत चालली आहे. पण ते उठले, चपला घातल्या आणि मला आडतीवर घेऊन गेले. तिथे हळदीच्या पोत्याशेजारी काट्यावर उभं केलं. वजन बघितलं, मान हलवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्याचा काटा हलका हाय, समदेच म्हन्तेत." मग दुसऱ्या आडतीवर नेलं. दोन्हीकडची वजनं जुळली तेव्हा मला खोली मिळाली. माझ्याआधी एक मास्तर येऊन गेले होते म्हणे. सालस माणूस, निर्व्यसनी, पण अंगाने काडी. त्यांना काकांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

काका हे मी त्यांना म्हणायचो. गाव त्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखायचं, त्यातलं एकही त्यांच्या तोंडावर घेण्यासारखं नव्हतं. असा संशयी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. दाराला दोन कुलपं, आणि दोन्ही लावून झाल्यावर दार ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. दूधवाल्याने आधी स्वतः घोटभर दूध प्यायचं, मग भांड्यात ओतायचं. रस्त्यात कोणी "राम राम" म्हटलं की काका थांबत आणि म्हणत, "राम राम. काहून?" बिचारा राम राम घालणारा गोंधळून जायचा. नुसता राम राम घालणारा माणूस जगात असू शकतो, हे काकांना मान्यच नव्हतं. "तपासल्याशिवाय देवाचा बी हात धरू नये," असं ते म्हणायचे, आणि तेही ज्योतिर्लिंगाच्या गावात राहून.

संगतीचा परिणाम म्हणा, त्या घरात राहून मीही संशयी झालो. कारण तसं घडतच होतं. काकू रोज काही ना काही वर पाठवायच्या. लोण्याचा गोळा घातलेली भाकरी, तिळाची चटणी, कधी पुरण. काका जिन्याखाली उभे राहून ताट रिकामं झालं का ते बघायचे. थोडं उरलं तर खालून आवाज यायचा, "काहून सोडलं? तब्येत बराबर न्हाई का?" मी तेव्हा बिनलग्नाचा. मला वाटलं, कोणीतरी भाची-पुतणी आहे आणि आपण जाळ्यात सापडतो आहोत. पण कोणी पत्रिका मागेना. महिन्यातून एकदा आडतीवर नेऊन वजन मात्र करायचे. बकरं पाळणारा माणूस बकऱ्याशी कसा वागतो ते मला व्यवसायामुळे चांगलंच ठाऊक होतं, आणि म्हणून माझी झोप उडाली.

त्यात तो गोठा. घरामागच्या गोठ्यात एक बैल नाही, गाय नाही, आणि दाराला साखळदंड. फटीतून बघितलं तर कडब्याखाली ताडपत्री आणि ताडपत्रीखाली दोन लांबलचक, पांढऱ्या, टोकदार अशा कसल्यातरी वस्तू. माणूस आत सहज मावेल एवढ्या. गावात चर्चा होतीच. हळद घेऊन मुंबईला गेलेला ट्रक रिकामा परत यायचा होता, तो ही चीज भरून पहाटे पहाटे आला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पानटपरीवाल्याच्या मते ते रॉकेट होतं. शेजारचे म्हणायचे, चोरीचा माल. एकदा एक हवालदार चहाला म्हणून येऊन गेला. काकांनी त्याला चहा दिला, पण गोठा दाखवला नाही. उलट त्यालाच विचारलं, "तुमाला कोनी पाठवलं?"

शेवटी एका रविवारी काकांनी मला गोठ्यात नेलं, दार आतून लावलं आणि ताडपत्री ओढली. दोन अरुंद, वरूनही बंद अशा होड्या होत्या. दोघींच्या मध्ये आडवे पाइप, आणि त्यांवर बाज विणावी तसं जाळीदार कापड ताणून बसवायचं. बाजूला लांब डोलकाठी, गुंडाळलेलं शीड, दोन सुकाणू. काका त्याला जोडहोडी म्हणायचे.

"मुंबईला असताना हिच्यावर बसलतो," ते म्हणाले. मुंबईला ते तरुणपणी होते, समुद्राकाठच्या एका होड्यांच्या क्लबात. काम काय, तर होड्यांची बुडं खरवडायची आणि धुवायची. पण वारा जोराचा असला की साहेबलोक त्यांना होडीत घ्यायचे. "सामान म्हनून. वजन पाहिजे ना एका अंगाला. मी बसून राहाचो अन् बघत राहाचो." बघून बघून सगळं शिकले. आता म्हातारपणी क्लबाने ही जुनी होडी मोडीत काढल्याचं कळलं, तसे जाऊन घेऊन आले.

आणि मग त्यांनी मला माझं काम सांगितलं. ही होडी हलकी, वाऱ्याने कलंडते. कलंडली की तिच्या बुडावर उभं राहून दोर धरून मागे झुकायचं, म्हणजे अंगाच्या भाराने ती सरळ होते. काका पडले सडपातळ. एकट्याचा भार पुरायचा नाही.

"म्हणजे मला खोली दिलीत ती यासाठी?"

"मंग काय तुमच्या तोंडाकडं बघून दिली?"

राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, भाची-पुतणी नाही आणि सुरीही नाही हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी हसत सुटलो.

जुनी होडी कशी तपासावी हे मी काकांकडून शिकलो. "सेकंडहँड चीज म्हंजे दुसऱ्याचं पाप असतं. ते कुठं दडलंय ते हुडकावं लागतं." हातात एक नाणं घेऊन ते होडीच्या अंगावर टकटक करत इंच इंच पुढे सरकायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तिथे आतून कुजलं आहे. तिथे खडूने फुली मारायची. मग होडीच्या मागच्या टोकाला असलेल्या भोकातून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. जिथे बुडबुडा येईल तिथे चीर. पंक्चर काढण्याचीच तऱ्हा, फक्त ट्यूब माणसापेक्षा तिप्पट लांब. अंगात घालायची नारिंगी जॅकेटं त्यांनी दगड बांधून विहिरीत टाकली आणि दिवसभर काठावर बसून राहिले. जॅकेटं तरंगत राहिली. तरी म्हणाले, "दगड हलका असंल."

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर होडी उतरवायला ट्रॉलीतून नेली, तेव्हा काठावर माणसं जमली. धरणात ज्यांची गावं गेली त्यांतले काही जण तिथेच वर वस्ती करून होते. डोक्याला पटका बांधलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कायची मोजणी करून राहिले?"

"तुमाला काहून पाहिजे?" काका म्हणाले, आणि झालं. घोळका पुढे सरकला. म्हातारा म्हणाला, "आधी बी असेच आलते होडी घेऊन. इथवर पानी येईल म्हनून खुना लावून गेले, अन् मंग आमचं गाव उठलं. आता अजून किती वर आणता पानी?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, "मोजणी नाही हो बाबा. मजा म्हणून आलोय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "वावरात हळद उभी हाय ह्यांची, अन् हे इथं मजेला आले? डॉक्टर, हे तुमी शेळीला सांगा. ती बी न्हाई मानायची."

कोणीतरी ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला. आता परत जावं लागणार असं दिसत असताना काका एकदम म्हणाले, "नवस हाय."

म्हातारा म्हणाला, "नागनाथाचा?"

"व्हय."

"कायचा?"

"सांगितला की फळत न्हाई."

म्हाताऱ्याने स्वतः वाकून चाकाचा दगड काढला. होडी पाण्यात लोटायला चार जणांनी हात लावला. मजेसाठी माणूस पाण्यात जातो हे कोणालाही पटत नव्हतं, पण नवसासाठी काहीही करतो हे सगळ्यांना पटलं. त्या दिवशी आम्ही काठाकाठाने थोडंसं फिरलो. शीड भरलं, होडी कुरकुरली आणि एकदम आवाज न करता सुटली. काकांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माणूस कशावरही संशय घेत नव्हता.

होडी पुढे तिथेच काठावर एका ओळखीच्याच्या शेतात राहिली, अर्थात साखळी आणि दोन कुलपं लावून. शिवाय काका होडीची दोन बुचं घरी आणून कोनाड्यात ठेवायचे. त्या मागच्या भोकांना लावायची ती बुचं. ती नसली की दोन्ही होड्यांत पाणी शिरतं. चोराने कुलपं तोडलीच, तर तो मध्यापर्यंत जाऊन बुडावा, असा काकांचा सरळ हिशेब.

आणि ही बुचं हरवायला लागली. रविवारी निघायची तयारी झाली की बुचं नाहीत. काका आरडाओरडा करायचे, दूधवाल्याला बोल लावायचे, शेजाऱ्यांच्या कुंपणातून डोकावायचे, आणि जाणं रद्द व्हायचं. एक-दोन दिवसांनी बुचं परत जागेवर. एकदा तर त्यांनी चुना लावायचा आहे असं सांगून माझी खोली उपसली. माझी ट्रंक उघडली, गादी झटकली. त्या दिवशी मात्र मी चिडलो. ज्या माणसाबरोबर जीव मुठीत घेऊन पाण्यात जायचं, त्याच्याच उशीखाली हात घालायचा? सामान बांधायला घेतलं.

पण जाण्याआधी चोर कोण ते बघायचंच असं मी ठरवलं. पुढच्या शनिवारी दुपारी दवाखान्यातून लवकर आलो आणि जिन्यात थांबलो. काका शेतात गेले होते. काकू माजघरातून आल्या, बुचं उचलली, पदरात घेतली आणि तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून खाली दडवली. वळल्या तर समोर मी.

त्या जराही दचकल्या नाहीत. "व्हय, मीच घेते," म्हणाल्या. "बसा. चहा टाकते."

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. काका मुंबईला नोकरीला गेले नव्हते. पळून गेले होते. लग्न नवीन होतं. एका सकाळी "येतो जरा" म्हणून दार ओढून घेतलं आणि गेले. पत्र नाही, निरोप नाही. काकू सासू-सासऱ्यांचं करत, वावर बघत राहिल्या. कित्येक वर्षांनी ते जसे गेले तसेच एका सकाळी परत आले, ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं.

"काहून गेलते ते मी इचारलं न्हाई. काहून आले ते बी न्हाई इचारलं. पर भाऊ, त्या दिवसापासून माझं काळीज जाग्यावर न्हाई. शीड बघितलं की ते 'येतो जरा' ऐकू येते. ह्यांना तिथंच जायचंय, त्या मुंबईच्या पान्यात."

"अहो काकू, धरण आहे ते. धरणातून माणूस कुठं जाणार?"

"ह्या धरणात नदी कोन्ची हाय?"

"पूर्णा."

"ती कुठं जाते?"

"गोदावरीला."

"अन् गोदावरी?"

मी कप खाली ठेवला.

"म्हंजे जाता येते," काकू म्हणाल्या, आणि कपबशा उचलल्या.

मी बांधलेलं सामान परत सोडलं. काकांना काही सांगितलं नाही. तालुक्यात सगळ्यात संशयी माणूस कोण, तर काका. आणि त्या काकांच्या घरात ते स्वतःच संशयित. मला त्या माणसाचा थोडा उलगडाही झाला. जो स्वतः एकदा 'येतो जरा' म्हणून गेला, त्याला दुसऱ्याच्या साध्या राम रामावर विश्वास कसा बसेल?

त्यानंतरच्या एका रविवारी बुचं जागेवर होती आणि वारा चांगला होता. आम्ही बरेच आत गेलो. काका खुशीत होते. तेवढ्यात डोंगराच्या खिंडीतून झोत आला, माझ्या बाजूची होडी पाण्यातून वर उचलली गेली, मी नको तिकडे घसरलो आणि सगळंच आडवं झालं. शीड पाण्यावर पसरलं. जॅकेट होतं म्हणून मी वर राहिलो, नाहीतर मला पोहता येतं ते कमरेएवढ्या पाण्यात. काठ दिसत होता पण हाक पोचेल इतका जवळ नव्हता. वाऱ्याने होडी आणि आम्ही हळूहळू लांबच चाललो होतो.

भीतीने माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी ओरडलो, "काकू बुचं दडवतात तेच बरोबर आहे!"

काका होडीच्या बुडावर चढून दोर सोडवत होते. मागे न बघता म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"ती घेते ते. डॉक्टर, कणगीला कुलूप हाय माझ्या घरी. मिठाच्या बरणीला बी हाय. मंग बुचं काहून उघड्या कोनाड्यात ठेवतो मी?"

मी दोराचं टोक धरून होडीजवळ सरकलो.

"ज्या दिवशी तिचं मन घाबरते त्या दिवशी बुचं जातेत. त्या दिवशी मी जात न्हाई. तिच्या हाती काही तरी पाहिजे ना."

"आणि माझी खोली उपसली ती?"

"मला कळलं असं तिला कळलं, तर ती घेईल का परत? चढा वर. भार द्या."

मी चढलो. दोघांनी दोर धरून पाण्याकडे पाठ करून अंग मागे टाकलं. बराच वेळ काही झालं नाही. मग डोलकाठी कण्हत वर आली, शिडातलं पाणी निथळलं आणि वरची होडी धाडकन खाली आपटली. काकूंच्या लोण्याचं सार्थक झालं.

काठावरून शीड दिसेनासं झालं होतं म्हणून तिथल्या कोणीतरी मोटारसायकलवर गावात निरोप दिला होता. आम्ही परतलो तेव्हा काकू काठावर उभ्या होत्या. त्या धरणावर यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. लोक त्यांच्याभोवती जमले होते आणि आता रडारड होणार म्हणून वाट बघत होते. काका निथळत बाहेर आले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग होडीकडे, मग पाण्याकडे.

"हे पानी कुठवर जाते ते मला दाखवा," त्या म्हणाल्या.

"भिजशील."

"भिजू द्या."

मी माझं जॅकेट काढून दिलं. नऊवारीवर नारिंगी जॅकेट घालून काकू त्या जाळीवर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हातांनी पाइप धरला. पटकेवाला म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "जोडीनं फेडायचा नवस असंल." होडी धरणाच्या भिंतीच्या दिशेने गेली. भिंतीपासून जरा अलीकडे शीड ढिलं सोडून ती बराच वेळ थांबून राहिली. मग परत आली. येताना काका काही सांगत होते आणि काकू हूं हूं करत होत्या.

घरी गेल्यावर मी विचारलं, "काय बघितलंत काकू?"

"भिंत हाय. मोठी हाय. दरवाजे हायेत, ते बंद हायेत. मी बघितलं." मग म्हणाल्या, "पर पावसाळ्यात उघडतेत म्हनं."

त्यानंतर बुचं कोनाड्यातून हलली नाहीत, निदान मी होतो तोवर तरी. पुढे माझी बदली झाली. आमचा परभणी जिल्हाही तुटला आणि हिंगोली वेगळी झाली. कामाच्या रगाड्यात कित्येक वर्षं तिकडे जाणं झालं नाही. गेलो तेव्हा पावसाळा होता, आणि त्या वर्षी पाऊस धो धो झाला होता. होडी गोठ्यात होती, तिच्या जाळीवर कोंबड्या अंडी घालायच्या. काकांचे गुडघे गेले होते. काठी आणि भिंत दोन्ही धरल्याशिवाय त्यांना परसात जाता येत नव्हतं. मला बघितल्यावर त्यांनी जरा निरखलं आणि म्हणाले, "वजन उतरलं. काहून?" मग दम लागला म्हणून आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

मी चुलीशी काकूंशी बोलत बसलो. त्या भाकरी थापत होत्या. तेवढ्यात रस्त्याने भोंगा लावलेली जीप गेली. धरण भरलं आहे, दरवाजे उघडले आहेत, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं, असं भोंग्यातून ओरडून सांगत होते.

काकूंचा हात थांबला. अर्धी थापलेली भाकरी तशीच परातीत ठेवून त्या उठल्या आणि पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीकडे निघाल्या. दारापर्यंत पोचायच्या आतच आतून काकांचा आवाज आला.

"हाय, हाय. हितंच हाय मी."